बाखचा फ्रेंच स्वीट पियानोवर बसवताना: आधी गुडघे, मग बोटं

पियानो शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून जी मेजर या पट्टीतला एक मिन्युएट गेलेला असतो. पुष्कळ वर्षं तो १८व्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचा म्हणून शिकवला गेला, अजूनही शिकवला जातो. खरं तर तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिश्चियन पेत्सोल्ड याचा. बाखची दुसरी बायको आना माग्दालेना हिच्या १७२५च्या वहीत तो उतरवून घेतलेला सापडला आणि बाखच्या नावावर खपून गेला. पण माझी तक्रार नावाबद्दल नाही. तो मिन्युएट एक नाच आहे, हे मला सात वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी तो 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' असा ठोकत वाजवायचे, प्रत्येक 'एक'वर थोडी मान हलवून. दरबारात मिन्युएट नाचणाऱ्यांचं पाऊल मात्र दोन बारचं (बार म्हणजे कागदावर दोन उभ्या रेघांमधला तालाचा तुकडा) मिळून एक असे. म्हणजे मोजायचं सहापर्यंत, तीनपर्यंत नाही. एवढं कळलं आणि त्याच सुरांची वाक्यं दुप्पट लांब झाली.

पुढे परीक्षांचे ग्रेड वाढत गेले की बाखचे स्वीट समोर येतात, आणि तेव्हाही बहुतेकांचा कान त्या 'एक-दोन-तीन'चाच असतो. (हा स्वीट मिठाईवाला नव्हे, उच्चार तोच, म्हणून घरी गोंधळ होतो.) स्वीट म्हणजे एकाच पट्टीतल्या नाचांची माळ. अलमांद, कुरांत, साराबांद आणि जिग हे चार ठरलेले, आणि साराबांद व जिगच्या मध्ये संगीतकाराच्या मर्जीने आणखी काही. मी इथे एकच स्वीट धरून बोलणार आहे: बाखचा पाचवा फ्रेंच स्वीट, जी मेजर, बीडब्ल्यूव्ही ८१६ (हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). त्यात सात नाच आहेत: अलमांद, कुरांत, साराबांद, गावोत, बुरे, लूर आणि जिग. सहा फ्रेंच स्वीटपैकी पहिल्यांदा हाच घ्यावा असं मी सांगते. मनाने मोकळा आहे, हाताला जमण्यासारखा आहे, आणि यातला गावोत एकटा वाजवला तरी पाहुणे खूश होतात.

'फ्रेंच' हे नाव बाखने दिलेलं नाही, ते नंतर चिकटलं. बाख तेव्हा क्योथेनला राजपुत्र लिओपोल्डच्या पदरी होता. १७२१च्या डिसेंबरात त्याचं आना माग्दालेनाशी लग्न झालं, आणि १७२२मध्ये तिच्यासाठी सुरू केलेल्या वहीत पहिल्या पाच स्वीटचे सुरुवातीचे खर्डे आहेत. म्हणजे हे संगीत मुळात घरातलं. त्याला मोठा हॉल लागत नाही. संध्याकाळी दिवाणखान्यात वाजवायला ते लिहिलेलं आहे.

पियानो बंद ठेवून

पहिला आठवडा झाकण उघडायचंच नाही, असं मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना सांगते. लहान मुलं ऐकत नाहीत, त्यांना मी सांगतही नाही.

उभं राहा. फ्रेंच दरबारी नाचाची मूळ हालचाल अगदी छोटी आहे: बीट येण्याच्या जरा आधी गुडघे किंचित वाकतात आणि बीटवर शरीर वर उठतं, टाचा जमिनीवरून सुटतात. इथे आपल्या संस्कारांशी थेट भांडण आहे. आपल्या डोळ्यांना लावणी आणि कथक माहीत आहे. तिथे समेवर पाऊल जमिनीवर पडतं, घुंगरू वाजतात, आपण 'वा' म्हणतो. बाखच्या काळच्या या नाचात समेवर माणूस खाली येत नाही, वर उचलला जातो. वजन पडतं ते समेच्या आधी. पियानोवर बाखचे नाच जड का वाटतात याचं निम्मं उत्तर मला या एका गोष्टीत मिळालं. आपण प्रत्येक बारच्या पहिल्या सुरावर हात आपटतो, आणि तिथे तर हात हलका व्हायला हवा.

म्हणून खोलीत हे करून पाहा: 'आणि' म्हणताना गुडघे वाकवा, 'एक' म्हणताना उठा. आणि-एक, आणि-एक. पाच मिनिटांत हसू येतं, दहा मिनिटांत मांड्या दुखतात. मग तसंच उठताना एखादा गावोत ऐका. कुठे उठायचं ते शरीर सांगतं.

गावोत बारच्या मध्यावर सुरू होतो, अर्धा बार आधीच संपलेला असतो. आपल्याकडे तीनतालातली किती तरी बंदिशी नवव्या मात्रेवरून, खालीवरून उठतात आणि समेवर येतात; गावोतचं उठाण तसंच. ज्यांचा कान गाण्यात तयार आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. फक्त कागदावर स्टाफ नोटेशन दिसलं की ते विसरतात आणि पहिल्याच सुराला सम समजतात. तसं झालं की अख्खा नाच अर्ध्या बारने घसरतो, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी चुकतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. माझं स्वतःचं असं एका छोट्या कार्यक्रमात झालं होतं. सूर सगळे बरोबर लागले. खाली उतरल्यावर माझ्या टीचर एवढंच म्हणाल्या, "तू पूर्ण गावोत डाव्या पायावर नाचलीस."

बुरेचं उठाण गावोतपेक्षा लहान, पाव बाराचं. दोन्ही दोन बीटचे, दोन्ही आनंदी, म्हणून सारखे वाजवले जातात. ते सारखे नाहीत. योहान मात्थेसोन या हॅम्बुर्गच्या संगीतकार-लेखकाने १७३९मध्ये नाचांचे स्वभाव लिहून ठेवलेत. त्याच्या मते गावोतचा स्वभाव उड्या मारण्याचा, धावण्याचा मुळीच नाही. या एका वाक्यावर मी गावोतची लय ठरवते. उडी मारणाऱ्याला हवेत थोडा वेळ लागतो, तेवढा द्यायचा. बुरे मात्र पळू शकतो.

डावा हात आधी

आता झाकण उघडा, पण उजवा हात मांडीवर ठेवा. डाव्या हाताची ओळ एकटी, पूर्ण, शेवटापर्यंत वाजवा. या संगीतात बास म्हणजे नाचणाऱ्याचे पाय, आणि उजव्या हाताची सगळी नक्षी त्या पायांवर उभी आहे. बहुतेक जण उजवा हात घोटून घेतात आणि डावा 'सोबत' म्हणून चिकटवतात. मग साराबांद गोड वाजते पण बसलेली वाजते.

बासची ओळ वाजवताना प्रत्येक सूर किती धरायचा ते ठरवा. इथे पियानो आपल्याला फसवतो. हार्पसिकॉर्ड या बाखच्या काळच्या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते आणि बोटाच्या जोराने आवाज लहानमोठा होत नाही. मग त्यावर ठसा कसा उमटत असेल? सूर किती लांब धरला आणि त्याआधी किती हवा सोडली, यातून. महत्त्वाच्या सुराआधी बारीकशी फट ठेवली की तो सूर आपोआप उठून दिसतो. हे शिकायचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुतेकांच्या घरात पडून आहे: डिजिटल पियानोवरचा किंवा साध्या कीबोर्डवरचा हार्पसिकॉर्डचा आवाज. तो लावा. बहुतेक मॉडेलांत त्या आवाजाला बोटाचा जोर लागूच होत नाही. होत असेल तर टच रिस्पॉन्स बंद करा. आता बुरे वाजवा. जोर देऊन नाच दाखवायची सोयच गेली. जे काही दाखवायचं ते फटींतून आणि लांबीतून. आठ दिवस असं वाजवून परत पियानोवर आलात की हात बदललेला असतो. या स्वीटला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, त्यामुळे मोठा पियानो नाही म्हणून अडायचं कारण नाही.

जोडायचं काय आणि तोडायचं काय? ढोबळ नियम चालतो: शेजारचे सूर जोडा, उड्या तोडा, बारीक सूर जोडा, त्यांच्या दुपटीचे सुटे ठेवा. सुटे म्हणजे टोचलेले नव्हेत. सूर त्याच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश वाजला आणि उरलेला श्वास झाला, असं. नियम ढोबळ आहे, कान त्याला मोडू शकतो. पण सुरुवातीला तो कडक पाळा, कारण पियानोवाल्यांची सवय सगळंच लोण्यासारखं जोडायची असते, आणि ती सवय १९व्या शतकातल्या शोपँची आहे, बाखची नाही.

कागद कोणता घेता यावरही हे अवलंबून आहे. जुन्या छापील आवृत्त्यांत १९व्या शतकातल्या संपादकांनी स्लर (सूर जोडायच्या रेघा), फोर्टे (मोठ्याने), क्रेशेंडो (हळूहळू मोठं) भरून ठेवलेत. बाखने यातलं जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं. हेन्ले किंवा बेरेनरायटर या प्रकाशकांची उर्टेक्स्ट, म्हणजे अशी भर काढून मूळ लिखाणानुसार छापलेली आवृत्ती घ्या. महाग आहे, पण एक स्वीट वर्षभर पुरतो.

साराबांद

इथे थांबते, कारण हा नाच मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि सगळ्यांत जास्त चुकीचा वाजवला जातो.

साराबांदचा इतिहास गमतीचा आहे. स्पेनमध्ये हा नाच इतका चावट समजला जाई की १५८३मध्ये त्यावर बंदी आली. पुढे तो फ्रान्समध्ये गेला, संथ झाला, आणि बाखपर्यंत येता येता दरबारातला सगळ्यात गंभीर नाच बनला. मूळचा थोडा कैफ मात्र त्यात राहिलाय, आणि तो दुसऱ्या बीटवर आहे. तीन बीटचा बार, पण बऱ्याचदा वजन पहिल्यावर नसून दुसऱ्यावर. पहिल्यावर पाऊल टाकायचं, दुसऱ्यावर थबकायचं, तिसऱ्यावर पुढचं मनात आणायचं.

करायचं असं. पहिले चार बार घ्या, नक्षी सगळी काढून टाका, फक्त वरची मुख्य सुरावट आणि बास. मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) क्वार्टर नोटला, म्हणजे इथे एका बीटला, ५०च्या आसपास. दुसऱ्या बीटच्या सुराला जोर देऊ नका, फक्त त्यावर जरा रेंगाळा, इतकं कमी की मेट्रोनोमला जेमतेम जाणवेल. मग मेट्रोनोम बंद. रेंगाळण्याची जागा तीच ठेवून तिसऱ्या बीटला ती उधारी फेडा. हे जमलं की नक्षी एकेक परत आणा.

पेडल? इथे आणि फक्त इथे मी थोडं वापरते, एकेका कॉर्डला स्पर्श करून सोडून देण्यापुरतं. शंका असेल तर पाय मागे घ्या. हंगेरीचा पियानोवादक आंद्राश शिफ बाख वाजवताना पेडलला जवळजवळ पाय लावत नाही, आणि त्याच्या आवाजात रंग कमी पडतात असं कुणी म्हणू शकणार नाही.

आणखी एक. बाखच्याच गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची सुरुवात ज्या आरियाने होते तो आरियाही साराबांदच्या चालीचा आणि याच जी मेजरमधला आहे. दोन्ही एकामागोमाग ऐका. एक दुसऱ्याची धाकटी बहीण वाटते. कान लगेच ओळखतो की दोन्हीकडे दुसऱ्या बीटपाशी काहीतरी घडतंय.

नक्षीची भीती

ट्रिल (वरचा शेजारी आणि मुख्य सूर आलटूनपालटून), मॉर्डंट (खालच्या शेजारच्या सुराला झटकन स्पर्श), टर्न (मुख्य सुराभोवती वळसा) या चिन्हांना मुलं घाबरतात, कारण ती नियम म्हणून शिकवली जातात. बाखने आपल्या मोठ्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२०मध्ये सुरू केलेल्या वहीत नक्षीचा एक छोटा तक्ता दिलाय: वर चिन्ह, खाली ते कसं वाजवायचं. पहिलं काम, तो तक्ता छापून पियानोवर चिकटवा. नागमोडी रेघ म्हणजे ट्रिल; त्याच रेघेला मधून उभी काडी गेली की मॉर्डंट. ही काडी लहान छपाईत दिसत नाही आणि उलटंच वाजवलं जातं. चष्मा लावा.

ट्रिल वरच्या सुरावरून का सुरू होते, ते एकदा हाताने अनुभवा म्हणजे पाठ करावं लागणार नाही. समजा भाग संपतोय, शेवटी जी या सुरावर उतरायचं आहे, त्याआधीच्या ए या सुरावर ट्रिल आहे आणि खाली डी, एफ शार्प, ए असा कॉर्ड. ट्रिल वाजवा बी-ए-बी-ए. पहिला बी खालच्या कॉर्डमधला नाही. तो त्याच्यावर घासतो आणि एवर येताना सुटतो. ती घासण्याची गोडी म्हणजेच ट्रिल. एवरून सुरू केली तर घासणं ऑफबीटला जातं आणि उरते फक्त बोटांची थरथर. म्हणून पहिला वरचा सूर बीटवर ठेवा, बीटच्या आधी नाही, आणि त्यावर क्षणभर टेका. किती वेळा फिरवायचं हे नंतरचं. मुलांना आधी फक्त बी-ए, म्हणजे ताणलेला वरचा सूर आणि खालचा, एवढंच वाजवायला सांगा. पंधरवड्याने दोनाचे चार होतात.

नक्षी पहिल्या दिवशी घालू नका, असं म्हणणारे शिक्षक आहेत. मीही साराबांदसाठी तेच सांगितलं. पण गावोत आणि बुरेमध्ये ती पहिल्या आठवड्यातच घाला, नाहीतर तिच्याशिवायची लय हातात घट्ट बसते आणि नंतर प्रत्येक ट्रिल गतिरोधक बनते.

रिपीटचं काय करायचं

प्रत्येक नाचाचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा. जी मेजर अलमांदमध्ये पहिला भाग जीवरून निघून डी मेजरला पोचतो, दुसरा डीवरून हिंडत घरी येतो. परीक्षेत बहुधा रिपीट वगळतात. घरी वगळू नका. दुसऱ्या वेळी तेच पुन्हा वाजवलं तर ऐकणारा घड्याळ बघतो. तिथे नवी नक्षी घालायची असते. हे काम आपल्या कानाला परकं नाही, मुखडा दर वेळी जरा वेगळा घेऊन येणं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण हात आखडतो, कारण कागदावर बाख लिहिलंय.

मग बाखकडूनच शिका. 'इंग्लिश स्वीट' या त्याच्याच वेगळ्या संचातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वीटमधल्या साराबांदना त्याने नक्षीची आवृत्ती वेगळी लिहून दिलीय. साधी आणि सजवलेली ओळ शेजारी ठेवा आणि पेन्सिलने बघत जा: कुठे हात घातलाय, कुठे नाही. बास जवळजवळ तसाच. लांब धरलेले सूर भरले जातात, उड्या मधल्या सुरांनी जोडल्या जातात. मी सुरुवातीला एका भागात तीनच बदल घालायला सांगते: एक मॉर्डंट, एक उडी भरून काढणं, आणि शेवटच्या ट्रिलआधी एक छोटी लहर. जिगमध्ये मात्र हात आवरा. तिथे सूर आधीच खच्चून भरलेत.

बाकीचे चार, थोडक्यात

अलमांद बाखच्या काळात नाचाच्या फरशीवरून जवळजवळ उतरली होती, हातात उरली होती ती चाल. मात्थेसोनला तिच्यात सुव्यवस्थेत रमलेलं, समाधानी मन दिसायचं. म्हणून ती घाईत नको, गोडीतही विरघळायला नको. एका बारच्या चार बीटमध्ये एकच श्वास घ्या. कुरांत नावाने फ्रेंच, पण इथला तो इटालियन वळणाचा, तीन बीटचा धावता. खरा फ्रेंच कुरांत सहा बीट कधी दोन-दोनचे तीन तर कधी तीन-तीनचे दोन करतो आणि डोकं फिरवतो. तो हवा असेल तर इंग्लिश स्वीटकडे वळा. इथे मात्र दोन्ही हातांत बारीक सूर अदलाबदल होतात, तेव्हा सूर ज्या हातात गेला त्याचा आवाज वर आणि दुसऱ्याचा खाली, एवढं पाहिलं की पुरे.

लूर म्हणजे संथ केलेली जिग, सहा चारच्या (६/४) तालात, डुलणारी. लूर लोक घाबरून वगळतात. वगळू नका. बुरेच्या धावपळीनंतर आणि जिगच्या आधी तोच कानाला बसायला जागा देतो.

जिग शेवटी. बारा सोळाच्या (१२/१६) तालात, तीन आवाजांची, फ्यूगसारखी. एक आवाज विषय मांडतो, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या भागात बाख तोच विषय उलटा करतो. जिथे सूर चढत होते तिथे उतरतात. हे आधी डोळ्यांनी शोधा, प्रत्येक प्रवेशाला रंगीत पेन्सिलने खूण करा, आणि तो आवाज सुरू होताना तोंडाने गा. गाता आलं नाही तर बोटांनाही ते ठाऊक नाही असं समजा. लय ठरवताना सगळ्यांत वेगवान जागा शोधू नका, सगळ्यांत अवघड शोधा आणि तिथे जी झेपेल ती पूर्ण जिगला द्या. एका ठिकाणी अडखळून सावरलेली जिग ऐकवत नाही. थोडी संथ चालते.

सातही नाच सलग वाजवताना मी मध्ये फार थांबत नाही. साराबांदनंतर मात्र पूर्ण श्वास घेते, हात मांडीवर आणते, आणि गावोतचं ते अर्ध्या बाराचं उठाण मनात एकदा म्हणून घेते.

कान

ऐकायचं तर एकच वादक धरून बसू नका. ग्लेन गूल्डने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे स्वीट रेकॉर्ड केले. त्याचे सूर इतके सुटे आणि लखलखीत आहेत की आधी वेड लागतं आणि मग नक्कल सुरू होते. नक्कल करू नका, पण त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. शिफ अधिक नाचतो. अलीकडच्यांत मरे पराहियाचं रेकॉर्डिंग २०१६मध्ये आलं. त्यात सुरावट गाते. आणि एकदा तरी गुस्ताफ लेऑनहार्टसारख्या कुणाचा हार्पसिकॉर्ड ऐका, म्हणजे जोर न देता उठाव कसा येतो ते समजतं. एकाच दिवशी एकच नाच चार वादकांकडून ऐकायचा, सगळा स्वीट नाही. आणि ऐकताना खुर्चीत बसू नका. उभं राहा, 'आणि'वर वाका, 'एक'वर उठा. ज्याच्या वाजवण्यावर गुडघे आपोआप वाकतात, त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा लावा.